तो असा का झाला? सिनेमातला एक प्रसंग आणि माणसाचा स्वभाव

हल्ली कुठलीही गुन्हेगारीवरची मालिका बघायला घ्या. पहिले काही भाग खलनायकाचा क्रूरपणा दाखवण्यात जातात आणि मग एक अख्खा भाग येतो त्याच्या लहानपणाचा. दारू पिऊन मारणारा बाप, वर्गात सगळ्यांसमोर झालेला अपमान, डोळ्यांदेखत गेलेली आई. तो भाग संपला की बघणाऱ्यांत दोन तट पडतात. एक जण म्हणतो, एवढं सोसल्यावर दुसरं काय होणार? दुसरा म्हणतो, असं बालपण हजारोंच्या वाट्याला येतं, म्हणून सगळे खून करत सुटत नाहीत. दोघांचंही म्हणणं पटतं आणि तिथेच गोंधळ उडतो.

अनुभवाने माणूस घडतो, हे आपण सगळेच मानतो. पण घडतो म्हणजे नेमकं काय होतं? एखादा प्रसंग आयुष्याची दिशा ठरवतो का? आणि सिनेमात जे दोन मिनिटांत होतं ते खऱ्या माणसात कसं होतं? मानसशास्त्राने या प्रश्नांवर बरंच काम केलेलं आहे आणि काही दिग्दर्शकांनी शास्त्रज्ञांइतक्याच बारकाईने माणसं पाहिली आहेत. मला या दोन्हींतून जे दिसतं ते असं: प्रसंगापेक्षा प्रसंगानंतर माणूस काय करतो आणि तेच पुन्हा पुन्हा करत राहतो का, यावर स्वभाव जास्त ठरतो. सिनेमा तिथे थांबून पाहतो तेव्हा तो खरा वाटतो.

उपजत किती, घडलेलं किती?

काही बाळं पहिल्या दिवसापासून शांत असतात, काही किरकिरी. कुणी अनोळखी माणसाकडे झेपावतं, कुणी आईच्या खांद्यात तोंड लपवतं. हे कुणी शिकवलेलं नसतं. याला उपजत वृत्ती म्हणू. तिच्यावर वर्षानुवर्षांचे अनुभव साचून सवयी, भीती, मूल्यं, माणसांवरचा विश्वास किंवा अविश्वास असं जे तयार होतं, त्या सगळ्याला मिळून या लेखात स्वभाव म्हणू.

यात जन्माचा वाटा किती, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी जुळ्यांचा आधार घेतला. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची इतर भावंडांइतकीच. दोन्ही प्रकारच्या जोड्यांची तुलना केली की अंदाज येतो. माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के फरक जनुकांशी जोडता येतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. हा आकडा फार चुकीचा वाचला जातो. 'माझा निम्मा चिडकेपणा वडिलांकडून आला' असा त्याचा अर्थ नाही. तो आकडा मोठ्या गटातल्या फरकांबद्दल बोलतो, एका माणसाची अशी वाटणी करता येत नाही.

याच अभ्यासांतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एका छपराखाली वाढल्यामुळे भावंडांचे स्वभाव फारसे सारखे होत नाहीत. उरलेला बराचसा फरक येतो तो ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेल्या वेगवेगळ्या अनुभवांतून. आता हे डोक्यात ठेवून एक जुना सिनेमा पुन्हा बघा.

घर एक, भाऊ दोन

१९७५ चा 'दीवार' बहुतेकांनी पाहिलेला असतो. दोन सख्खे भाऊ, एक तस्कर होतो, दुसरा पोलीस अधिकारी. एकाच आईची, एकाच परिस्थितीतली पोरं, तरी किती वेगळी निघाली, असं आपण सहज म्हणून जातो. पण पटकथाकार सलीम-जावेद यांनी त्या दोघांना एकच परिस्थिती दिलेलीच नाही. कामगारांचा पुढारी असलेला बाप कुटुंबाला धोका आहे म्हणून मालकांपुढे वाकतो आणि सही करतो. लोकांच्या नजरेतून उतरल्यावर घर सोडून निघून जातो. चिडलेली माणसं राग काढतात तो थोरल्या विजयवर. बाप चोर असल्याचे शब्द त्याच्या हातावर गोंदवले जातात. धाकट्या रवीचा हात कोराच राहतो. मुंबईत आल्यावर शिकवायचं तर एकालाच शिकवता येणार, म्हणून विजय बूटपॉलिश करतो आणि रवी शाळेत जातो.

विजयचं बूटपॉलिश जरा जवळून बघण्यासारखं आहे. गिऱ्हाईक पैसे फेकतं, तो उचलत नाही. ते हातात द्यावे लागतात. मोठेपणी ज्या माणसाच्या पंखाखाली तो गुन्हेगारीत शिरतो, त्या माणसाला त्याने ही आठवण करून द्यावी, हे पटकथेचं मोठं शहाणपण आहे. गोंदणं एकदाच झालं. पण 'मी कुणापुढे वाकणार नाही' हे त्याचं उत्तर तो रोज देत राहिला, फेकलेले पैसे नाकारताना, माल उतरवताना, मारामारीत. देवळाच्या पायरीशी थांबताना तर देवापुढेही. गोंदण हातावर राहिलं आणि हे उत्तर अंगात मुरलं. आई ज्या इमारतीच्या बांधकामावर राबली ती इमारतच तिच्यासाठी विकत घेणारा विजय हा त्या उत्तराचा परिणाम आहे.

एका दृश्यावर आपण इतका विश्वास का ठेवतो?

पात्राच्या आयुष्यात कथा सुरू होण्याआधी जे घडून गेलं त्याला पूर्वकथा म्हणतात. ती पडद्यावर आली की प्रेक्षकाचं मन झपाट्याने काम करतं, आणि याला सिनेमाच्या मूळ भाषेतच कारण आहे.

शंभरेक वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याच्यापुढे आलटून पालटून वेगवेगळी दृश्यं जोडली: सूपचं भांडं, शवपेटी, सुंदर स्त्री. पाहणाऱ्यांना एकाच चेहऱ्यात कधी भूक, कधी दुःख, कधी ओढ दिसली, अशी ती हकिकत सांगतात. चेहरा बदललेला नव्हता, शेजारचं दृश्य बदललं होतं आणि मधली जागा प्रेक्षकाने भरली होती.

बालपणाचं दृश्य जोडलं की हेच होतं. काल ज्या चेहऱ्यावर क्रौर्य दिसत होतं, आज त्याच चेहऱ्यावर जखम दिसू लागते. दोन दृश्यं शेजारी आली म्हणजे एकामुळे दुसरं झालं, असं आपण गृहीत धरतो. मधली वीस वर्षं कुणी दाखवलेली नसतात आणि आपण ती मागतही नाही. लेखकाला ही सोय माहीत असते. आळशी लेखक पात्राचा स्वभाव उभा करण्याऐवजी एक दुःखद प्रसंग चिकटवतो आणि बाकीचं काम आपल्यावर सोडतो. मला अशा पूर्वकथांचा राग येतो, कारण त्या खऱ्या सोसलेल्या माणसांचं आयुष्य एका ओळीत गुंडाळतात.

न थरथरणारा हात

उलट बाजूचं, माझ्या मते फार थोर, उदाहरण म्हणजे 'द गॉडफादर' (१९७२). मायकेल हा गुन्हेगारी घराण्यातला धाकटा मुलगा. तो युद्धात लढून आलेला आहे आणि घरच्या धंद्यापासून लांब राहिलेला आहे. बहिणीच्या लग्नात तो आपल्या प्रेयसीला स्पष्ट सांगतो की हे माझं कुटुंब आहे, मी तसा नाही.

मग वडिलांवर गोळ्या झाडल्या जातात. रात्री मायकेल इस्पितळात पोचतो तर पहारेकरी गायब आहेत. मारेकरी कुठल्याही क्षणी येतील. तो नर्सच्या मदतीने वडिलांची खाट दुसऱ्या खोलीत हलवतो. वडिलांना भेटायला फुलं घेऊन आलेला एक साधा बेकरीवाला तिथे येतो. मायकेल त्याला घेऊन दारात उभा राहतो, कोटाच्या खिशात पिस्तूल असल्यासारखा आव आणतो. गाडी येते, थबकते, निघून जाते. बेकरीवाला सिगारेट काढतो, पण त्याचा हात इतका थरथरतो की लायटर पेटत नाही. मायकेल लायटर घेतो, पेटवून देतो आणि क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघतो. तो हात स्थिर आहे.

संवाद नाही, पूर्वकथा नाही, तरी त्या एका नजरेत सगळं आहे. हा स्थिरपणा अर्थात त्या रात्री तयार झाला नाही. युद्धात तो अंगी बाणला असेल, काही उपजतही असेल. मायकेलला तो आत्ता पहिल्यांदा दिसला. अनुभवातून माणसाला एखादी ताकद मिळते, पण ती कुठे लावायची हे अनुभव सांगत नाही. हाच स्थिर हात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरलाही उपयोगी पडला असता. मायकेल तो उपाहारगृहात दोन माणसांवर गोळ्या झाडायला वापरतो. त्यानंतर एकेक निर्णय पुढचा निर्णय सोपा करत जातो. सिनेमा संपेपर्यंत बायकोच्या डोळ्यात बघून खोटं बोलणं त्याला अजिबात जड जात नाही.

गवतातून पायवाट कशी पडते ते आठवा. पहिल्यांदा कुणी चालतं तेव्हा गवत फक्त वाकतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहतं. त्याच जागेवरून रोज पाय पडले की माती दिसू लागते, आणि मग येणारा प्रत्येक जण न विचार करता तिथूनच जातो. मेंदूतही जे प्रतिसाद वारंवार दिले जातात त्यांचे दुवे पक्के होतात आणि पुढच्या वेळी तोच प्रतिसाद आधी येतो. एका घटनेने वळण मिळतं खरं, पण स्वभाव म्हणतात तो त्या वळणावरून केलेल्या रोजच्या चालण्याला.

पण बालपणातच सगळं ठरतं ना?

ही शंका रास्त आहे. तिची आजवरची सर्वांत लांब परीक्षा एका माहितीपटमालेने घेतली. १९६४ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर 'सेव्हन अप' नावाचा कार्यक्रम झाला. वेगवेगळ्या सामाजिक थरांतली सात वर्षांची १४ मुलं निवडली होती. सातव्या वर्षापर्यंतचं मूल द्या, पुढचा माणूस दाखवतो, अशा अर्थाच्या जुन्या वचनावर तो आधारलेला होता. मायकेल ॲप्टेड हा पहिल्या भागात संशोधक होता. पुढे दिग्दर्शक म्हणून तो दर सात वर्षांनी त्याच मुलांकडे परत जात राहिला, २०१९ मध्ये ती ६३ वर्षांची होईपर्यंत.

काहींच्या बाबतीत वचन खरं ठरलं. श्रीमंत घरातली मुलं सातव्या वर्षी आपण कुठल्या शाळेत, कुठल्या विद्यापीठात जाणार ते सांगत होती आणि बरंचसं तसंच झालं. पण त्यांच्यातल्याच एकाने पुढे तक्रार केली की माझी वाट आपोआप आखलेली होती असं तुम्ही दाखवता, वडील लहानपणीच गेले आणि आईला काम करावं लागलं हे कुणी दाखवत नाही. सातव्या वर्षी उड्या मारत बोलणारा एक हसरा मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी बेघर होऊन भटकताना सापडला. सातव्या वर्षीच्या त्याच्या चेहऱ्यात त्याचा मागमूस नव्हता. आणि त्या बेघर माणसाकडे बघून पुढचंही कुणी सांगू शकलं नसतं, कारण बेचाळिसाव्या वर्षी तो स्थानिक राजकारणात निवडून आलेला होता.

सगळ्यात बोलकी गोष्ट दिग्दर्शकाचीच आहे. कामगार वस्तीतला एक दांडगा मुलगा एकविसाव्या वर्षी जुगाराच्या अड्ड्यांभोवती वावरत होता. हा गुन्हेगार होणार असं धरून ॲप्टेडने त्याला त्या भागातल्या गुन्ह्यांच्या जागा दाखवत फिरवून चित्रण करून ठेवलं, म्हणजे पुढे उपयोगी पडेल. तो मुलगा टॅक्सीचालक झाला, संसार केला. ॲप्टेडने पुढे स्वतःच हे उघडपणे सांगितलं आणि त्यानंतर भविष्य वर्तवणं सोडलं.

शास्त्राचं उत्तरही याच दिशेने जातं. हवाई बेटांपैकी काउआईवर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातले तंटे, आईबापांचं आजारपण अशा अनेक अडचणी एकाच वेळी सोसणाऱ्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू, आत्मविश्वासाची माणसं झाली. त्यांच्यात काय वेगळं होतं? थोडी उपजत वृत्ती, आणि आयुष्यात निदान एक भरवशाचं मोठं माणूस. आजी असेल, शिक्षक असेल, शेजारी असेल. जी मुलं किशोरवयात बिघडली होती त्यांच्यातलीही बरीच तिशी-चाळिशीत सावरली.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. बालपणी सोसलेल्या आघातांची संख्या जितकी जास्त, तितका पुढे व्यसनाचा, नैराश्याचा, आजारांचा धोका जास्त, हे १९९८ सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासापासून वारंवार दिसलं आहे. धोका वाढतो हे पूर्ण खरं आहे. पण तो गटाबद्दलचा अंदाज असतो. समोर बसलेल्या एका माणसाचं भवितव्य त्यातून वाचता येत नाही.

'सिटिझन केन' (१९४१) हा सिनेमा अनेकांना बालपणाच्या बाजूचा पुरावा वाटतो. आई बँकवाल्याबरोबर कागदांवर सही करत असते आणि खिडकीतून दूर बर्फात खेळणारा मुलगा दिसतो, ज्याचं आयुष्य आत बसून ठरवलं जातंय. हाच मुलगा पुढे वृत्तपत्रांचा बडा मालक केन होतो आणि मरताना तो जो शब्द उच्चारतो ते त्या बर्फातल्या घसरगाडीचं नाव निघतं. पण शोध घेणारा वार्ताहर शेवटी काय म्हणतो तेही ऐकायला हवं: एका शब्दाने माणसाचं आयुष्य उलगडत नाही. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या. आपण फक्त घसरगाडी लक्षात ठेवली.

दुःखाने माणूस शहाणा होतो?

हे आपण सांत्वनाला जाताना म्हणतो आणि सिनेमालाही हे फार आवडतं. १९९० च्या दशकात टेडेस्की आणि कॅलहून या मानसशास्त्रज्ञांनी आघातानंतर होणाऱ्या वाढीचा अभ्यास सुरू केला. काही माणसं मोठ्या आघातानंतर नात्यांना जास्त जपू लागतात, आयुष्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. पण ती वाढ आघातातून येते असं या दोघांनी म्हटलेलं नाही. आघाताशी झगडताना ती येते, असं त्यांचं म्हणणं. आणि ती सगळ्यांत दिसत नाही. बहुतेक माणसं काही काळाने साधारण पूर्वीसारखी होतात, काही मोडतात.

सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीत हे जसं आलंय तसं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. 'पथेर पांचाली'त (१९५५) अपूची बहीण दुर्गा हिच्यावर हार चोरल्याचा आळ येतो, ती नाकारते, आईचा मार खाते. पुढे ती मरते. घर सोडून जाण्याची आवराआवर चाललेली असताना अपूला तोच हार सापडतो. तो कुणाला हाक मारत नाही. तळ्याकाठी जातो आणि हार पाण्यात फेकतो. शेवाळ बाजूला होतं आणि पुन्हा मिटतं. दुःखाने त्याला काही शिकवलं असं इथे कुणी म्हणत नाही. एका लहान मुलाने बहिणीचं नाव राखायचा निर्णय घेतला, एवढंच दिसतं.

हाच अपू 'अपूर संसार'मध्ये (१९५९) बायको बाळंतपणात गेल्याची बातमी आणणाऱ्या मेहुण्याला तोंडावर मारतो. आपल्या कादंबरीची पानं डोंगरावरून सोडून देतो. मुलाचं तोंड पाहायला जात नाही, वर्षानुवर्षं. इथे दुःखाने त्याला उदार केलेलं नाही, कठोर केलं आहे. तोच हळवा मुलगा, आता बाप म्हणून चुकणारा. शेवटी मित्राच्या बोलण्यावरून तो परत जातो तेव्हा पोरगं त्याला दगड मारतं. बापाचा हक्क सांगून काही होत नाही. तो मित्र म्हणून हात पुढे करतो तेव्हा कुठे तो मुलगा, काजल, त्याच्याकडे येतो. आपण कसं वागायचं हे अपूला त्या दिवशी नव्याने ठरवावं लागलं.

आठवण जागची हलते

इथे एक अवघड मुद्दा येतो. जे होऊन गेलं ते बदलत नाही, मग त्याचा परिणाम कसा बदलेल?

उत्तर आठवणीच्या स्वरूपात आहे. आठवण ही जपून ठेवलेली चित्रफीत नसते. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ सालीच दाखवलं होतं की माणसं गोष्ट आठवताना ती आपल्या समजुतीप्रमाणे नव्याने रचतात. जितक्या वेळा आठवावं तितक्या वेळा ती थोडी नव्याने बांधली जाते.

'इनसाइड आउट' (२०१५) या ॲनिमेशनपटात हे मुलांना कळेल इतकं सोपं करून सांगितलंय. अकरा वर्षांच्या रायलीच्या आठवणी रंगीत गोळ्यांसारख्या साठवलेल्या असतात आणि काही खास आठवणींवर तिच्या स्वभावाची बेटं उभी असतात: कुटुंब, मैत्री, प्रामाणिकपणा. एका आनंदाच्या आठवणीत तिचा हॉकीचा सगळा संघ तिला खांद्यावर उचलून घेतो. तिच्या मनातल्या भावनांपैकी 'आनंद' हे पात्र ती आठवण मागे सरकवून बघतं तेव्हा कळतं की त्याआधी ती सामना हरल्यामुळे एकटी झाडाच्या फांदीवर बसून रडत होती, आणि तिचं दुःख दिसलं म्हणूनच आईबाबा आणि मैत्रिणी जवळ आल्या. घटना तीच, तिचा अर्थ मात्र पालटला. शास्त्रज्ञांचा सल्ला घेऊन केलेल्या या सिनेमात एक ढोबळपणा आहेच: खरा स्वभाव पाच-सहा आठवणींवर टेकलेला नसतो. पण आठवणीचा रंग नंतर बदलू शकतो, हे त्यात फार नेमकं आलंय.

डॅन मॅकॲडम्स हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ म्हणतात की प्रौढ माणूस मनातल्या मनात स्वतःच्या आयुष्याची एक गोष्ट रचत असतो आणि तीही स्वभावाचाच भाग असते. कुणी 'तेव्हा फार वाईट झालं, पण त्यातून हे चांगलं निघालं' अशी गोष्ट सांगतं. कुणी 'सगळं बरं चाललं होतं, त्या दिवशी नासलं' अशी. पुढच्या पिढीसाठी झटणाऱ्या माणसांत पहिल्या प्रकारच्या गोष्टी जास्त आढळतात. मात्र कुणा दुखावलेल्या माणसाला 'तू जरा चांगल्या बाजूने बघ' असं म्हणायला हा शोध वापरू नये. गोष्ट ज्याची त्यालाच, त्याच्या वेळेनेच बदलता येते.

मग कुणाला दोष द्यायचाच नाही?

कारण समजणं आणि माफ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'दीवार'मध्येच याचं उत्तर आहे. रवी भाकरी चोरून पळणाऱ्या एका पोराच्या पायावर गोळी झाडतो. नंतर अन्न घेऊन त्याच्या घरी जातो. पोराचा बाप निवृत्त शिक्षक निघतो. गरिबी त्याच्या घरात उघडी पडलेली आहे, तरी तो मुलाच्या चोरीचं समर्थन करत नाही. चोरी का झाली ते त्याला कुणापेक्षाही जास्त कळतं, आणि तरी ती चोरीच, असं तो म्हणतो.

'द डार्क नाइट'मधल्या (२००८) जोकर या खलनायकाने याच प्रेक्षकी सवयीचा फायदा घेतला. चेहऱ्यावरच्या व्रणांची तो एकदा एक हकिकत सांगतो, दुसऱ्यांदा वेगळीच. पहिली ऐकून आपण हळहळलेलो असतो. दुसरी ऐकल्यावर कळतं की आपल्याला कारण हवं होतं आणि ते कुणीही पुरवू शकतं.

याच्या उलट चूक आपण रोजच्या जीवनात करतो. दुसरा माणूस रागावला तर 'तो आहेच तसा' म्हणतो आणि त्याच्यावर काय वेळ आली होती ते विचारत नाही. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली या कलाला नाव दिलं, मूलभूत आरोपणदोष. आधीच्या एका प्रयोगात तर असंही दिसलं होतं की अमुक बाजूने निबंध लिहायला सांगितलंय हे माहीत असूनही वाचकांना ते लेखकाचं स्वतःचं मत वाटलं. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) या सवयीला भिडतो. जब्या लाजरा, स्वप्नाळू, प्रेमात पडलेला मुलगा आहे. शाळासोबत्यांच्या डोळ्यांसमोर त्याला जातीमुळे वाट्याला आलेलं काम म्हणून घरच्यांबरोबर डुक्कर पकडावं लागतं. तो आडोशाला लपतो, बापाचा मार खातो, सगळे हसतात. ज्या मुलीवर त्याचं प्रेम आहे तीसुद्धा. शेवटी तो दगड उचलतो आणि तो दगड थेट आपल्या दिशेने येतो. फक्त शेवटचं दृश्य पाहिलं असतं तर 'दांडगट पोरगं' म्हणून आपण मोकळे झालो असतो. आणि इथे पूर्वकथा एका दिवसाची नाही, पिढ्यांची आहे. स्वभावाच्या गप्पा मारताना परिस्थिती बदलायची जबाबदारी आपल्यावर येते, ती झटकता येत नाही.

मोठेपणी बदल होतो का?

होतो, आणि तो दिसतोही. वर्षानुवर्षं त्याच माणसांची पाहणी केली तर स्वभावातले सरासरी बदल विशी ते चाळिशीदरम्यान सर्वांत जास्त आढळतात. माणसं हळूहळू जास्त जबाबदार, भावनेने जास्त स्थिर होतात. नोकरी, जोडीदार, मूल, आजारपण या गोष्टी रोज नवे प्रतिसाद मागतात.

जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'तली (१९८२) सुलभा याचं उत्तम उदाहरण आहे. तिला बालपणाची कसलीही जखम दिलेली नाही. चांगलं घर, वकील नवरा, लहान मुलगी. आपलं शिक्षण वापरावं म्हणून ती महिलाश्रमाची अधीक्षक होते. तिथला भ्रष्टाचार, बायकांची होणारी परवड, वरून येणारा दबाव यांना ती रोज तोंड देते. राजीनामा देऊन परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. पूर्वीची सुलभा त्या घरात राहिली असती का, हे सांगता येत नाही. आश्रमात रोज 'हे मला मान्य नाही' म्हणायला शिकलेली सुलभा राहत नाही. स्मिता पाटीलने तो फरक आवाज न चढवता, नुसत्या बसण्या-उठण्यातून दाखवलाय.

असा संथ बदल पडद्यावर आणायला रिचर्ड लिंकलेटरने 'बॉयहुड' (२०१४) तब्बल १२ वर्षं चित्रित केला, दर वर्षी थोडे दिवस, तेच कलाकार घेऊन. सहा वर्षांचा मुलगा अठरा वर्षांचा होतो आणि तो नेमका कुठल्या दृश्यात बदलला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. त्यात एक छोटा उपप्रसंग आहे. मुलाची आई घराच्या पाइपांचं काम करणाऱ्या तरुणाला सहज म्हणते, तू हुशार आहेस, शिकायला हवं. काही वर्षांनी एका उपाहारगृहात व्यवस्थापक झालेला एक जण टेबलाशी येऊन तिचे आभार मानतो. तो तोच तरुण असतो. काहींना हा योगायोग फार सोयीचा वाटला आणि त्यांचा आक्षेप मला कळतो. एका वाक्याने कुणी व्यवस्थापक होत नाही. तो कॉलेजात गेला, शिकला, आणि ती सगळी वर्षं दिग्दर्शकाने दाखवलेली नाहीत. १२ वर्षं चित्रित केलेल्या सिनेमातही ती मावली नाहीत.